तांब्याच्या पत्र्यातली चावी

बाबांची होडी फुटली तेव्हा मी चौथीत होते. वादळात नांगराचा दोर तुटला, होडी अर्नाळ्याच्या खडकावर आपटली, आणि सकाळी तिच्या फळ्या आम्ही ओल्या वाळूतून वेचून आणल्या. आजोबांच्या हातची होडी होती. फळ्या चुलीत गेल्या. तळाला ठोकलेला तांब्याचा पत्रा तेवढा बाबांनी सोलून काढला, गुंडाळला आणि पलंगाखाली ठेवला. घरात तांदूळ नसायचे, पण तो पत्रा भंगारवाल्याकडे गेला नाही.

होडी गेल्यावर बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी झाले. काल मालक होते ते आज कुणाच्या तरी हाकेला 'आलो' म्हणू लागले, आणि त्याचा राग किनाऱ्यावर न काढता घरी आणू लागले. आई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन विरारच्या बिल्डिंगी फिरायची. पाटीत मासळी उरली तर मार. लवकर संपली तर 'कोनाला फुकट वाटलीस' म्हणून मार. बाबा हाताला येईल ते घ्यायचे. पट्टा, वल्हं, एकदा ओला दोर. ओल्या दोराचा वळ आठवडाभर राहतो आणि त्याला खारं पाणी लागलं की पहिल्या दिवसासारखा पेटतो. हे मी ऐकीव सांगत नाही.

मामा आईचा धाकटा भाऊ. त्यांचे आई-वडील गेल्यावर वसईच्या पाचूबंदरहून आमच्याकडे आला आणि आमच्यातच राहिला. तोही मार खायचा. अंगाने बाबांपेक्षा उंच, पण बहिणीचा नवरा म्हणून हात उचलायचा नाही. नुसतं म्हणायचा, "भावजी, पुरे." बाबांना ते 'पुरे' जास्त झोंबायचं.

तो ड्रायव्हिंग शिकला आणि आमचे दिवस जरा बदलले. त्याच्या कमाईत आईची आणि बाबांची घालून घरात एक जुनी पिकअप आली. सेकंडहँड, एकच चावी मिळालेली. कागद बाबांच्या नावावर, स्टिअरिंग मामाच्या हातात. किनाऱ्यावरची मासळी बर्फात भरून मामा विरारच्या बाजारात पोचवायचा. मी कॉलेजात जाऊ नये असं बाबांचं म्हणणं होतं. त्यांनी माझी पुस्तकं एकदा खाडीत टाकली. मामा दुसऱ्या दिवसापासून मला पिकअपमध्ये शेजारी बसवून वसईच्या बसला सोडू लागला. माझ्या अंगाला मासळीचा वास यायचा. वर्गातल्या दोन मुलींनी बाक बदलला. मी बदलला नाही. पहिल्या बाकावर बसून मी फिजिक्समध्ये बी.एस्सी. झाले. आमच्या घरात, आईकडून नि बाबांकडून, माझ्या आधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. हे मी मान वर करून सांगते आणि सांगत राहीन.

पदवी मिळाल्यानंतरच्या मे महिन्यातली ही गोष्ट.

त्या दिवशी दुपारी बाजारात मासळीचा क्रेट मामाच्या हातावर घसरला. हात वाचला, पण हातातल्या चावीचं प्लॅस्टिकचं डोकं तडकलं आणि कोपऱ्याचा टवका उडाला. तशीच चावी लावून मामा गाडी घरी घेऊन आला. बाबा ओटीवर बसले होते. चावी बघून म्हणाले, "आन इकडं. मी करतो."

त्यांनी पलंगाखालचा पत्रा काढला. आमच्याकडे फळीला चीर गेली की तिच्यात राळ भरतात आणि वरून तांब्याचा पत्रा ठोकून बसवतात. पाणी आत शिरत नाही. बाबांनी चावीला तेच केलं. टवका उडालेल्या जागी वितळलेली राळ भरली, पत्र्याचा तुकडा कापून चावीच्या डोक्याभोवती फिरवला, कडा आत दुमडल्या आणि दगडावर धरून हातोडीने हळूहळू ठोकत आणला. कुठेही फट नाही. काम सुंदर झालं होतं. इतक्या वर्षांत बाबांचा हात कुणालाही न दुखवता एवढा वेळ चाललेला मी पहिल्यांदाच पाहिला.

नेमका तेव्हाच मामा बोलला. विरारच्या एका शाळेत बस चालवायची नोकरी मिळत होती. जूनपासून. शाळेने सांगितलं होतं, लहान मुलांचं काम आहे, गावातल्या जबाबदार माणसाची चिठ्ठी आणा. मामा पाटलांकडून चिठ्ठी घेणार होता. पाटील म्हणजे आमच्या कोळीवाड्याचे म्हातारे प्रमुख. त्यांची सही चालते.

बाबांनी मान वर केली नाही. हातोडी चालूच होती. "जा की," एवढंच म्हणाले, आणि चावी खिळ्याला अडकवली.

सकाळी भरतीला बोटी लागल्या. आठच्या सुमारास आमची पिकअप बोंबील, मांदेली आणि करंदीने भरली, वर बर्फ टाकला. मामाने चावी फिरवली. इंजिन एक क्षण धडधडलं आणि बंद पडलं. परत फिरवली. परत तेच. धडधड, बंद. सात-आठ वेळा.

बाजूच्या कोळणी हसू लागल्या. "उपाशी हाय वाटतं गाडी. पेज पाज तिला."

आगाशीच्या नाक्यावरून मेकॅनिकला बोलावलं. त्याने बॅटरी बघितली. हेडलाइट झक्क पेटत होते, स्टार्टर फिरत होता. फ्यूज बघितले. डिझेलचा पाइप सोडून पाहिला. मग त्याने डॅशबोर्डवर बोट ठेवलं. तिथे चावीचं चित्र असलेला लाल दिवा भराभर लुकलुकत होता.

"इमोबिलायझर आहे काका," तो बाबांना म्हणाला. "चोरलॉक. चावीच्या डोक्यात एक चिप असते, तांदळाच्या दाण्याएवढी. गाडी तिला ओळखते. चिप नाही दिसली की इंजिन चालूच देत नाही. तुमच्या चावीत चिप नाहीये. पडली असेल, नाहीतर कोणी काढली असेल."

काढली असेल. तो सहज बोलून गेला. हात पुसले आणि दुसऱ्या गाडीकडे जायचंय म्हणून निघूनही गेला. पुढे काय झालं ते त्याला ठाऊकही नसेल.

बाबा मामाकडे वळले. "काल चावी तुझ्या हातात फुटली."

"हो."

"आन कालच तुला नोकरी लागली."

"भावजी, त्याचा काय संबंध?"

"चिप कुठं हाय?"

मामाला उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. बाबांनी त्याच्या तोंडावर मूठ मारली. तो गाडीच्या दारावर आपटला. माझा चुलतभाऊ, ज्याला पिकअप चालवायची केव्हाची हौस होती, त्याने मागून मामाचे हात धरले. बाबा मारत होते आणि प्रत्येक फटक्याला एकेक शब्द बोलत होते. "गाडी. बंद. पाडून. जातोस. चोर." मामाच्या नाकातून रक्त आलं, शर्टावर आलं, मासळीच्या पाण्यात पडलं. लोक गोल करून उभे राहिले. कुणी हसत नव्हतं, कुणी मधेही पडत नव्हतं. घरातल्या माणसाला मारताना आमच्याकडे मधे पडत नाहीत.

"चोर हाय हा," बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले. "सात वर्षं मी चोर पोसला."

मी पाटलांकडे पाहिलं. ते बर्फाच्या पेटीवर बसले होते. चोर हा शब्द ऐकून त्यांनी मान खाली घातली, आणि मला समजलं की चिठ्ठी गेली. शाळा गेली. आज गाडी चालू झाली नाही तर मामा जन्मभर ह्या किनाऱ्यावर चोर राहील, आणि बाबांच्या हाताखाली राहील, कारण चोराला दुसरीकडे कोण ठेवतो?

मी मधे घुसले. "बाबा, थांब. काल फुटक्या चावीवर मामा विरारहून गाडी घेऊन आला. म्हणजे फुटल्यावरही चिप आत होती."

"मंग घरी आल्यावर काढली."

"आल्या आल्या चावी त्याने तुझ्याच हातात दिली."

"तू गप. कोनी विचारलं तुला?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "अगो, बीएस्सी झालीस ना? गाडीला पेपर घाल लिवायला." लोक हसले. त्या हसण्याने बाबा अजून पेटले. त्यांनी मामाला फरपटत गाडीच्या मागे नेलं. पिकअपचा मागचा लोखंडी फाळका उघडा लोंबत होता. त्याच्या बिजागरीच्या फटीत त्यांनी मामाची डाव्या हाताची करंगळी धरली आणि चुलतभावाला म्हणाले, "उचल फाळका."

"काका, नको," चुलतभाऊ म्हणाला. एवढं त्यालाही नको होतं.

बाबांनी स्वतःच उचलला. हाड मोडल्याचा आवाज मोठा नसतो. काटकी मोडल्यासारखा असतो. मामा ओरडला नाही, त्याच्या घशातून नुसती हवा आली आणि तो गुडघ्यावर बसला.

"एक बोट सांगत नाय," बाबा म्हणाले, "दुसरा सांगल." आणि त्यांनी शेजारचं बोट धरलं.

तेव्हा आई आली. ती पलीकडे वलांडीखाली, बोंबील सुकवायच्या बांबूंखाली, मासळी निवडत होती. हातात कोयती होती, सुरमई तोडायची. ती पळत आली नाही. चालत आली. बाबांच्या मनगटावर तिने कोयतीची धार टेकवली. दाबली नाही, नुसती टेकवली. "सोड," म्हणाली.

वीस-बावीस वर्षांत तिने त्यांच्याशी असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. बाबांनीही नसावं. त्यांनी बोट सोडलं.

तेव्हा कुठे माझं डोकं चालू लागलं. मी गाडीत बसले, चावी फिरवली आणि त्या लाल दिव्याकडे पाहत राहिले. कॉलेजातलं एक प्रॅक्टिकल आठवलं. तारेची दोन वेटोळी समोरासमोर ठेवायची. एकात वीज सोडली की दुसऱ्यात न जोडता वीज येते, मीटरचा काटा हलतो. मग मॅडम दोन्हींच्या मधे धातूचा पत्रा सरकवायच्या. काटा खाली पडायचा. मी वहीत आकृती काढली होती, दहापैकी नऊ मिळाले होते.

चावी जिथे लावतो त्या भोकाभोवतीही तारेचं वेटोळं असतं. चिपला स्वतःची बॅटरी नसते. वेटोळं तिला लांबून वीज देतं आणि ती आपला नंबर सांगते. आणि आमच्या चावीच्या डोक्याला चारही बाजूंनी तांबं होतं. फट नसलेलं, सुंदर.

चावी काढून मी खाली उतरले. "चिप आत आहे. पत्रा काढायला लागेल. पत्र्यामुळे गाडीला चिप दिसत नाही."

ते ऐकूनच बाबांच्या मस्तकात तिडीक गेली. "माझ्या पत्र्यामुळं?"

"हो."

"त्या पत्र्याने होडी तीस वर्षं तरली. त्याला नावं ठेवतेस?"

"होडी तरली. चावी नाही चालत."

त्यांनी मला मारलं. उलट्या हाताने, तोंडावर. माझा ओठ दातावर फाटला. त्यांनी चावी घ्यायला माझी मूठ पिळली, मी मूठ उघडली नाही. केसाला धरून त्यांनी मला दारावर आपटलं, तरी नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी मला भीती वाटत नव्हती. मला त्यांना मारायचं होतं. त्यांनी मारलेला एकेक फटका मोजून परत करायचा होता. मामा तिथे गुडघ्यावर बसला नसता तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

आई परत आमच्यामधे आली. बाबांकडे पाठ करून तिने कोयती माझ्या हातात दिली. "काप," म्हणाली.

मी चावी गाडीच्या मागच्या लोखंडी कडेवर ठेवली आणि दुमडलेल्या कडेत कोयतीचं टोक घातलं. पत्रा सुटेना. बाबांनी बसवलेला, तो सहज थोडाच सुटणार? कोयती घसरली आणि माझ्या अंगठ्यात गेली. रक्ताने चावी निसरडी झाली. मी ओढणीने धरली, परत टोक घातलं, पिळलं. एक कड उठली. मग दुसरी. पत्रा उलगडत गेला तसे बाबा मागून बघत होते. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. होडीचा कुठला तुकडा कुठून काढलाय हे त्यांना पाठ होतं, आणि मी तो त्यांच्या डोळ्यांसमोर फाडत होते.

पत्रा निघाला. खालची राळ मी नखाने उकरली. प्लॅस्टिकच्या खोबणीत, राळेत अर्धी बुडालेली, काळी बारीक कांडी होती. काढून मी तळहातावर घेतली आणि पाटलांसमोर धरली. ते डोळे बारीक करून बघत राहिले.

"हीच चिप. काल बाबांनी राळ ओतली तेव्हा हिच्यावरच ओतली. हिला कुणी हात लावलेला नाही."

चिप परत खोबणीत बसवली. एका कोळणीने केसातला रबर काढून दिला, तो वरून गुंडाळला. गाडीत बसले. चावी फिरवली. लाल दिवा एकदा लागला आणि विझला. इंजिन धडधडलं, आणि धडधडत राहिलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक पांगायला लागले. चुलतभाऊ पुढे आला, "दे, मी घेऊन जातो बाजारात." बाबा वळून बोटींकडे चालू लागले, जणू गाडी बिघडली होती आणि दुरुस्त झाली, बस. मामाची मान अजून खालीच होती.

मी इंजिन बंद केलं. चावी काढली. रबर सोडून चिप काढली आणि मुठीत घेऊन खाली उतरले.

"बाबा," मी हाक मारली. "इकडे ये. चिप माझ्याकडे आहे. गाडी चालू होणार नाही."

ते परत आले. लोकही परत आले.

"जेवढ्यांसमोर चोर म्हणालास, तेवढ्यांसमोर सांग काय झालं ते. नाहीतर मी ही समुद्रात फेकते. बर्फ वितळतोय, बघ."

फाळक्यातून पाणी ठिबकत होतं. ऊन वर आलं होतं. बाबांनी सीटखाली हात घालून टॉमी काढली, चाक खोलायची लोखंडी सळई. आई पुढे सरकली. मी तिला हाताने अडवलं आणि तिथेच उभी राहिले. टॉमी वर गेली. माझ्या डोक्याच्या बाजूने खाली आली आणि गाडीच्या पुढच्या काचेत बसली. काच जाळ्यासारखी तडकली. दुसरा फटका. काचेचे खडे माझ्या खांद्यावर, सीटवर, वाळूवर पडले. तिसरा फटका आरशावर. मग त्यांच्या हातात जोर उरला नाही. टॉमी वाळूत पडली.

"त्याने काय नाय केलं," ते वाळूकडे बघत म्हणाले.

पाटील पेटीवरून उठले. ऐंशीच्या घरातला माणूस, काठी टेकत गाडीपाशी आला. "ऐकायला नाय आलं. चोर म्हनालास तेव्हा पार बोटीपर्यंत आलं होतं."

बाबांनी मान वर केली. त्यांचे डोळे लाल होते. "त्याने काय नाय केलं," ते मोठ्याने म्हणाले. "चिप आत होती. माझ्या पत्र्याने गाडी बंद पडली. तो चोर नाय."

"परत एकदा सांग."

"तो चोर नाय."

मी मूठ उघडली आणि चिप नि चावी चुलतभावाला दिली. मासळी त्या दिवशी फुटक्या काचेच्या गाडीतून बाजारात गेली. बाबांनी मामाची माफी मागितली नाही, आजपर्यंत नाही. आम्ही दोघींनी मामाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. करंगळी जुळली, पण तिचं वरचं पेर आता वाकत नाही. त्या दिवसानंतर मामा आमच्या घरात राहिला नाही. बाबांचा स्वभाव बदलला असं मी म्हणणार नाही. पण आईच्या अंगाला त्यांनी परत हात लावला नाही, आणि माझ्याही.

चार दिवसांनी मी पाटलांकडे गेले. त्यांनी सांगितलं तशी चिठ्ठी मी माझ्या अक्षरात लिहिली, त्यांनी खाली सही केली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मामा बस चालवत होता. अजून तीच बस चालवतो.